पोरगं लहान दिसतं, म्हणून काय झालं?

उत्तर नागपुरातील एका वस्तीतला हा मुलगा. वय बारा वर्षे, इयत्ता सातवी. वडील बांधकामावर जातात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. रोज संध्याकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत तो फुटबॉल खेळतो. चेंडू पायाला चिकटल्यासारखा राहतो, दोन मोठी पोरे अंगावर आली तरी मधून वाट काढतो. वस्तीतली म्हातारी माणसेही खेळ पाहायला ओट्यावर येऊन बसतात.

मागच्या पावसाळ्यानंतर तो एका निवड चाचणीला गेला. चाळीस-पन्नास मुले रांगेत उभी केली. निवड करणारे गृहस्थ रांगेवरून एक चक्कर मारून गेले आणि सात-आठ मुलांना खांद्याला हात लावून बाजूला काढले. "बाळ, अजून लहान आहेस. पुढच्या वर्षी ये." चेंडू मैदानावर आलाही नव्हता. मुलगा घरी आला, बूट माळ्यावर टाकले आणि खेळायला जाणे बंद केले.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली आणि हळूच विचारले, "सर, उंची वाढवायची पावडर भेटते म्हणते. घेऊ काय?"

या एका प्रश्नासाठी हा लेख लिहायला बसलो आहे. कारण हा प्रश्न एकट्या त्या माऊलीचा नाही. आणि दुसरे कारण असे, की मी स्वतः तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि अशीच रांग मीही लावली आहे. तालुक्याचा चषक जिंकायचा म्हणजे धिप्पाड मुले घ्यायची, हा आमचा सरळ हिशेब होता. चषक मिळालेही. ते शाळेच्या कपाटात आहेत. पण ज्या लहानखुऱ्या मुलांना मी "पुढच्या वर्षी ये" म्हटले, त्यांतली बहुतेक पुढच्या वर्षी आलीच नाहीत. ती कशी खेळली असती हे मला आता कधीच कळणार नाही.

बाराव्या वर्षीची उंची काय सांगते?

प्रथम शरीराचा हिशेब समजून घेऊ. मुलांच्या अंगात वाढीची एक लाट येते. मुलींमध्ये ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी जोरात असते, मुलांमध्ये साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा वाढतो. मात्र ही लाट प्रत्येकाच्या अंगात एकाच वेळी येत नाही. कोणाला अकराव्या वर्षी येते, कोणाला पंधराव्या. त्यामुळे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते. जन्मदाखल्यावर दोघेही बारा वर्षांचे. पण एकाचे शरीर चौदा वर्षांचे, दुसऱ्याचे दहा वर्षांचे.

एक उदाहरण मांडून पाहू. बारा वर्षांचा एक मुलगा १५० सेंटिमीटर उंच आहे आणि मोठेपणी तो १६८ सेंटिमीटर होणार आहे. म्हणजे त्याने आपली जवळजवळ नव्वद टक्के उंची गाठली. दुसरा मुलगा आज १३८ सेंटिमीटर आहे, पण मोठेपणी १७२ होणार आहे. त्याने आतापर्यंत ऐंशी टक्केच उंची गाठली. आज मैदानावर पहिला दुसऱ्याला सहज धक्क्याने पाडील. अठराव्या वर्षी दुसरा पहिल्यापेक्षा चार सेंटिमीटर उंच असेल. रांगेवरून चक्कर मारणाऱ्या माणसाला यातले काय दिसले? फक्त आजचे अंतर दिसले. त्याने खेळाडू निवडला नाही, आधी वयात आलेला मुलगा निवडला.

यात जन्मतारखेचाही भाग आहे. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीपासून धरली, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे एकाच गटात खेळतात. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. युरोपातील क्लबांच्या मुलांच्या संघांची पाहणी झाली तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची टंचाई पुन्हा पुन्हा आढळली. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना देवाने कमी बुद्धी दिली असे कोणी म्हणणार नाही. आपण तर देवही मानत नाही. मोजणाऱ्याची चूक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उंचीत घरची चूलही मोजली जाते

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उंची आईबापांकडून येते हे खरे, पण ती ताटातूनही येते. गरोदरपणी आईला काय मिळाले, पहिल्या दोन वर्षांत बाळाला काय मिळाले, वस्तीत पाणी स्वच्छ होते की नाही, पोर सारखे हगवणीने आजारी पडत होते की काय, हे सगळे हाडांत नोंदले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी शंभरात सुमारे पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. देशाचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, ही गोष्ट एकामागून एक पाहण्यांत दिसत आली आहे.

म्हणजे रांगेत उभे करून उंचीवर निवड करणे, ही दिसायला निःपक्षपाती गोष्ट वाटते. टेप कोणाची जात विचारत नाही. पण व्यवहारात ती टेप मुलाच्या घरची चूल मोजते. ज्याच्या घरी दूध, अंडी, डाळ रोज होती तो आत. ज्याच्या घरी नव्हती तो बाहेर. पायातले कसब मात्र कोणी मोजतच नाही.

माणसाचा गुण न पाहता भलतीच मोजपट्टी लावण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. १८१८ साली कोरेगावला लढलेल्या सैन्यात महार शिपाई होते. पुढे इंग्रज सरकारने "लढाऊ जाती" नावाचे खूळ डोक्यात घेतले आणि १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद केली. शौर्य तेच, माणसे तीच, मोजपट्टी बदलली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत किती पिढ्यांना झगडावे लागले! क्रिकेटमध्ये पळवणकर बाळू यांचे उदाहरण आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगडल्यावर. म्हणून मोजपट्टी कोणती आहे आणि ती कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपण प्रत्येक ठिकाणी विचारला पाहिजे. फुटबॉलच्या मैदानावरही.

दरवाजावरची पाटी

स्पेनमधील बार्सिलोना हा क्लब आज जगभर नावाजलेला आहे. १९७२ साली तेथे लाउरेआनो रुईझ नावाचे प्रशिक्षक तरुण मुलांच्या संघासाठी आले. त्यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी, की क्लबच्या कचेरीच्या दरवाजावर एक पाटी लावलेली होती. एक मीटर ऐंशी सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच फूट अकरा इंचांपेक्षा, कमी उंचीचा मुलगा घेऊन आला असाल तर आल्या पावली परत जा, अशा अर्थाची. रुईझ यांनी ती पाटी काढून फाडून टाकली. मुलांना त्यांनी एक साधा खेळ लावून दिला. काही मुलांनी गोल करून उभे राहायचे, एक-दोघांनी मध्ये. गोलातल्यांनी एका स्पर्शात चेंडू फिरवत ठेवायचा, मधल्यांनी तो हिसकवायचा. या खेळात धिप्पाडपणाचा फारसा उपयोग नाही. नजर, पहिला स्पर्श आणि डोके चालले पाहिजे. पुढे योहान क्रायफ यांच्या काळात हीच रीत क्लबभर रुजली.

फळ काय मिळाले? २०१० साली जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या सन्मानासाठी शेवटचे तीन जण निवडले गेले, ते तिघेही याच क्लबच्या मुलांच्या शाळेत घडलेले होते. मेस्सी, इनिएस्ता आणि झावी. तिघांचीही उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास. ती पाटी दरवाजावर राहिली असती, तर तिघेही आल्या पावली परत गेले असते. त्याच वर्षी स्पेनने विश्वचषक जिंकला आणि अंतिम सामन्यातला एकमेव गोल इनिएस्ताने केला.

मेस्सीची गोष्ट अनेकांना अर्धवट माहीत असते, म्हणून जरा नीट सांगतो. अर्जेंटिनातील रोसारियो गावी १९८७ साली त्याचा जन्म झाला. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला. दहा-अकरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी निदान केले, की त्याच्या शरीरात वाढीसाठी लागणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. रोज रात्री पायात इंजेक्शन घ्यावे लागे आणि त्याचा खर्च घराला परवडेना. २००० साली तेराव्या वर्षी तो बार्सिलोनात आला. इतक्या लहान चणीच्या मुलाला घ्यावे का, अशी कुरकुर तेथेही झाली. पण ज्यांनी त्याला खेळताना पाहिले होते, त्यांनी हट्ट धरला. डिसेंबर २००० मध्ये कागद हाताशी नव्हता म्हणून हात पुसायच्या कागदी रुमालावर करार लिहिला गेला आणि उपचाराचा भार क्लबने उचलला. २०२२ साली त्याच मुलाने अर्जेंटिनाचा कप्तान म्हणून विश्वचषक उचलला.

येथे माताभगिनींनी एक भेद ध्यानात घ्यावा. मेस्सीला आजार होता आणि त्याचे निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी केले होते. निव्वळ उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलाला इंजेक्शनांची गरज नसते.

ज्यांना लहान म्हणून परत पाठवले, त्यांची यादी मोठी आहे. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच लहानपणी युद्धामुळे घर सोडून हॉटेलात राहिलेला निर्वासित मुलगा. देशातल्या मोठ्या क्लबने त्याला अशक्त म्हणून नाकारले. २०१८ साली तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्रान्सचा ग्रीझमन आपल्याच देशातील एकामागून एक क्लबांकडून अंगाने लहान म्हणून परत आला, शेवटी स्पेनमध्ये जाऊन शिकला आणि २०१८ साली फ्रान्सला विश्वचषक जिंकून देणाऱ्यांत होता. इंग्लंडचा जेमी वार्डी सोळाव्या वर्षी लहान म्हणून क्लबबाहेर काढला गेला. पुढे कारखान्यात काम करत करत छोट्या क्लबांतून खेळला आणि २०१६ साली लेस्टर संघाबरोबर इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकली. आपल्याकडे सुनील छेत्री आहे. उंची पाच फूट सात इंच, आणि भारतासाठी नव्वदहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल.

मात्र ही नावे सांगताना मनात एक बोच राहते. हे सगळे परतून आलेले लोक. जे परतून येऊ शकले नाहीत, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

मग अंगाचे काहीच महत्त्व नाही का?

आहे. खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. गोलरक्षकाला उंचीचा फायदा असतो. मधल्या बचावपटूला हवेतले चेंडू डोक्याने काढावे लागतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केला, तो उंच उडी घेऊन डोक्यानेच. आणि घानाविरुद्ध आपण ०-४ ने हरलो तेव्हा ताकदीतला फरक प्रेक्षकांना दिसत होता. मोठ्यांच्या फुटबॉलात वेग, दम, ताकद लागतेच.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. वीस वर्षांच्या खेळाडूची ताकद ही त्याची कमाई असते. बारा वर्षांच्या मुलाची ताकद हा बहुधा कॅलेंडरचा खेळ असतो. ताकद पुढे व्यायामाने आणि आहाराने मिळवता येते. पण आठ ते तेरा या वयात पायाला लागलेले वळण नंतर लावायला फार कष्ट पडतात.

शिवाय या चुकीने मोठ्या अंगाच्या मुलाचेही नुकसान होते, हे कोणी लक्षात घेत नाही. बाराव्या वर्षी तो धावून, धक्का देऊन गोल करतो. सगळे टाळ्या वाजवतात. मग तो डावा पाय कशाला शिकेल? चेंडू घेण्याआधी मान वळवून कोण कुठे आहे हे कशाला पाहील? सोळाव्या वर्षी बाकीची मुले उंचीने त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याच्याजवळ दुसरे काहीच नसते. माझ्या चषक जिंकणाऱ्या संघातली काही मुले मी अशीच कोमेजताना पाहिली आहेत. लहान मुलाला मी हाकलले आणि मोठ्या मुलाला शिकवले नाही. दोघांचाही मी गुन्हेगार ठरलो.

यावर जगात काही उपाय सुरू झाले आहेत. इंग्लंडमध्ये २०१५ पासून मोठ्या क्लबांच्या मुलांचे काही सामने वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून घेतले जाऊ लागले. मोठेपणीच्या अंदाजे उंचीच्या किती टक्के उंची गाठली, त्यावरून गट. लहान मुलांना तेथे आपले कसब दाखवायला जागा मिळाली आणि धिप्पाड मुलांना प्रथमच डोके वापरावे लागले. बेल्जियमने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय संघच ठेवला, म्हणजे ती मुले वाटेत गळू नयेत.

लहान मुलांना लहान मैदान

दहा वर्षांच्या पोरांना अकरा-अकरा करून मोठ्यांच्या मैदानावर सोडले, की काय होते? जो सर्वांत जोराने लाथ मारतो आणि सर्वांत जोराने धावतो, तो जिंकतो. लहान मुलाच्या पायाला सामन्यात चार-पाच वेळाही चेंडू लागत नाही. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. त्यात उभा केलेला चार फुटांचा गोलरक्षक काय करणार? म्हणून इंग्लंडने २०१२ साली नियम बदलायचे ठरवले. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाच जणांचे सामने, नऊ-दहा वर्षांच्यांसाठी सात-सात, अकरा-बारा वर्षांच्यांसाठी नऊ-नऊ. त्याप्रमाणे मैदान आणि गोलही लहान. चेंडूचेही तसेच. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, आठ ते बारा चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा, हा साधारण हिशेब आहे.

हे सर्व ऐकून मला हसू येते. कारण लहान जागेत, कमी पोरांत खेळणे हे तर आपल्या वस्त्यांत नेहमीचेच आहे! दोन विटांचा गोल, मध्ये नाली, एका बाजूला भिंत. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत घ्यायचा. अशा अरुंद जागेत पायाला जे वळण लागते, ते लांबरुंद हिरवळीवर लागत नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात वस्तीतली मुले प्लास्टिकची फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे केले. त्यावरून नागराज मंजुळे यांनी केलेला "झुंड" हा चित्रपट २०२२ साली आला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बेघरांच्या ज्या जागतिक स्पर्धेत ही मुले गेली, तिचे मैदानही केवळ २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, आणि एका बाजूला चारच खेळाडू. तेथे धिप्पाडपणा कमी आणि पायातले कसब जास्त कामी येते.

पावडर आणि खोटे दाखले

आता त्या माऊलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. नाही, पावडर घेऊ नका. उंची वाढवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती गरिबाच्या खिशावर डोळा ठेवून केलेल्या असतात. दारावरून लोंबकळून किंवा डब्यातल्या पावडरीने हाडे लांब होत नाहीत. तेवढ्या पैशात रोज एक अंडे, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, गूळ, दाट वरण, नाचणी किंवा ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि जमेल तेव्हा मासळी-मटण द्या. रात्री किमान नऊ तास झोप होऊ द्या. घराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मूल दुसऱ्याएवढे आहे का हे पाहू नका. ते स्वतःच्या मागच्या रेघेपेक्षा वर गेले का, एवढे पाहा. वर्ष झाले तरी रेघ जवळजवळ जागची हलली नाही, तर सरकारी दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

वाढीच्या लाटेत मुलगा काही महिने धांदरट होतो. हातपाय लांब होतात, तोल चुकतो, कालपर्यंत जमणारी गोष्ट बिघडते. त्याला रागावू नका. याच काळात गुडघ्याखाली किंवा टाचेला दुखू लागते. ते आळसाचे सोंग नव्हे. विश्रांती द्या, दुखणे राहिले तर डॉक्टरांकडे न्या. फार लहान मुलांना डोक्याने चेंडू मारायला लावू नका. अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षांखालील मुलांना तो बंद केला आणि इंग्लंडने २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून काढून टाकला.

दुसरे एक दुखणे याहून वाईट. मोठी मुले हवीत म्हणून मुलाचे वय दोन-तीन वर्षे कमी दाखवणारे खोटे दाखले काढले जातात. काही ठिकाणी पालकच पुढाकार घेतात. हाडांच्या तपासणीने आता हे उघडकीस येते. मनगटाचा फोटो काढून वय तपासतात. सतरा वर्षांखालील विश्वचषकात तर २००९ पासून अशी तपासणी आहे. पकडला गेला की मुलाचे भविष्य संपते. पण पकडला गेला नाही तरी काय? त्याच्या जागी खऱ्या वयाचे कोणाचे तरी लहान पोर घरी गेलेले असते. आपण दर रविवारी पंचशील म्हणतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. ते दाखल्यालाही लागू आहे.

मुलींचे काय?

मुलींच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. मुलगी आधी वाढते. सहावी-सातवीत ती मुलांपेक्षा उंच असते, जोरात असते, चांगली खेळते. आणि नेमकी तेव्हाच घरची माणसे म्हणतात, "आता मोठी झाली, पुरे झाले खेळणे." मुलगा लहान म्हणून बाहेर, मुलगी मोठी म्हणून बाहेर! ब्राझीलची मार्ता पाच फूट चार इंचांची. जगातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान तिने सहा वेळा मिळवला. तिच्या गावातही मुलींनी फुटबॉल खेळणे लोकांना पसंत नव्हते. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे पाहणीत दिसले आहे. पाळी सुरू झालेल्या आणि खेळणाऱ्या मुलीला तर लोहाची अधिक गरज. खेळ बंद करण्यापेक्षा तिच्या ताटातली भाजी आणि डाळ वाढवा.

मंडळांनी एवढे करावे

दर वर्षी जयंतीनिमित्त आपली मंडळे सामने भरवतात. वर्गणी जमते, चषक येतात, पाहुणे येतात. या सामन्यांत मुलांसाठी थोडा बदल करता येईल. बारा वर्षांखालील मुलांचे सामने पाच-पाच किंवा सात-सात जणांचे ठेवा, मैदान लहान आखा. मोठ्या अंगाची आणि लहान अंगाची मुले वेगवेगळ्या गटांत खेळवून पाहा. यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. उंचीप्रमाणे उभे करून रांग मधोमध तोडली तरी पुरे. टेपचा उपयोग करायचाच तर मुलांना घालवण्यासाठी न करता सामावून घेण्यासाठी करा. प्रत्येक मुलाला निम्मा वेळ तरी खेळू द्या. सर्वाधिक गोलांच्या बक्षिसाबरोबर दोन्ही पायांनी खेळणाऱ्याला, सोबत्याला उत्तम चेंडू देणाऱ्याला बक्षीस ठेवा. निवड करायची तर एका दिवसात करू नका. तीन-चार रविवार मुलांना खेळताना पाहा आणि ज्याला घेतले नाही त्याच्या घरी जाऊन का घेतले नाही ते सांगा.

भगवान बुद्धांच्या संघात लकुंटक भद्दिय नावाचे एक भिक्खू होते. शरीराने अगदी बुटके आणि दिसायला बेढब. इतर भिक्खू त्यांची टिंगल करीत. एकदा ते येत असताना भगवंतांनी भिक्खूंना थांबवले आणि हा भिक्खू किती थोर योग्यतेचा आहे ते समजावून सांगितले. पुढे मधुर आवाजाच्या भिक्खूंत सर्वश्रेष्ठ म्हणून त्यांचीच निवड झाली. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना जे समजवावे लागले, ते आम्हा क्रीडाशिक्षकांना अजून समजायचे आहे.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. चौकटीवर पहिली रेघ मारली, तारीख लिहिली. मग त्याला भिंतीसमोर उभे केले आणि सांगितले, की रोज पन्नास वेळा डाव्या पायाने. बूट माळ्यावरून खाली आले आहेत. तो पुढे कोठवर जाईल हे मला माहीत नाही आणि मी तसे वचन त्याच्या आईला दिलेले नाही. पण पुढच्या चाचणीला मी त्याच्याबरोबर जाणार आहे, आणि चेंडू मैदानावर येईपर्यंत कोणालाही रांगेतून बाजूला काढू नका, एवढे हात जोडून सांगणार आहे. आपल्या गावात, आपल्या शाळेत हे सांगायला प्रत्येक वेळी एक तरी पालक उभा राहिला, तरी पुष्कळ होईल.

जयभीम.